‘नाउ’ दिसला की ‘आयएनजी’ लावायचं?

काळांचा तो तक्ता शाळेच्या गाइडमध्ये असतो, क्लासच्या नोट्समध्येही असतो. शेवटच्या रकान्यात ओळखीचे शब्द दिलेले असतात : ‘यस्टर्डे’ दिसला की साधा भूतकाळ, ‘टुमॉरो’ दिसला की भविष्यकाळ आणि ‘नाउ’ दिसला की चालू वर्तमानकाळ. गाळलेल्या जागा भरण्यापुरतं हे ठीक आहे. पण तक्ता पाठ झाला की मुलं ‘नाउ’कडे फक्त घड्याळाचा काटा म्हणून बघायला लागतात आणि मग इंग्रजी बोलताना अडखळतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हा शब्द मराठी माणसाला अवघड जायचं काहीच कारण नाही. आपला ‘आता’ जवळजवळ तसाच वागतो.

गैरसमज : वाक्यात ‘नाउ’ असेल तर क्रियापदाला ‘आयएनजी’ हवंच.

या नियमातूनच ‘आय ॲम नोइंग हिम नाउ’ आणि ‘शी इज हॅविंग टू चिल्ड्रन नाउ’ ही वाक्यं जन्माला येतात. वस्तुस्थिती अशी की क्रियापदाचं रूप एकट्या ‘नाउ’वरून ठरत नाही, त्या क्रियापदाचा स्वभावही बघावा लागतो. माहीत असणं, समजणं, मालकी असणं या स्थिती आहेत, चालू असलेल्या हालचाली नव्हेत. म्हणून ‘आय नो हिम नाउ’, ‘आय अंडरस्टँड नाउ’. ‘हॅव’ची गंमत बघा : मुलं असणं ही स्थिती, म्हणून ‘शी हॅज टू चिल्ड्रन नाउ’, पण जेवण चालू आहे, तेव्हा ‘शी इज हॅविंग लंच नाउ’ अगदी बरोबर. आपल्या चुकीमागे मराठीचाही हात आहे. ‘मला आता कळतंय’ असं आपण सहज म्हणतो, म्हणून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ तोंडात येतं, आणि तक्ता त्यावर शिक्का मारतो.

चालू वर्तमानाबाहेरही ‘नाउ’ मोकळेपणाने फिरतो. विमानतळावर ‘वी विल नाउ बिगिन बोर्डिंग’ ऐकू येतं, तो भविष्यकाळ. ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स नाउ’ म्हणजे इथे राहून आता दहा वर्षं झाली. ‘शी शुड बी होम बाय नाउ’ म्हणजे एव्हाना ती घरी पोचली असेल.

गैरसमज : भूतकाळाबरोबर ‘नाउ’ चालत नाही, तिथे ‘देन’च हवं.

चालतं, आणि उत्तम चालतं. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्यापुढचं वाक्य इंग्रजीत ‘शिवाजी महाराज वॉज नाउ अ क्राउन्ड किंग’ असं लिहिलं तर त्यात काही चूक नाही. मराठीत आपण ‘महाराज आता छत्रपती झाले होते’ असंच लिहितो ना? इथला ‘नाउ’ लिहिणाऱ्याच्या घड्याळातला नाही, गोष्ट जिथवर आली आहे तिथला आहे. शिवाय तो बदल दाखवतो : आधी नव्हते, इथून पुढे आहेत. ‘देन’ घातलं तर ‘त्या काळी ते राजे होते’ एवढीच माहिती उरते, तो बदल निसटतो.

गैरसमज : ‘नाउ’ नेहमी वेळच सांगतो.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज हाच. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानात, बरब्बा लुटारू होता हे सांगणारं छोटं वाक्य ‘नाउ’ने सुरू होतं. त्या क्षणी तो लुटारू झाला, असा त्याचा अर्थ नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘दे’ हे अव्यय आहे आणि त्याला काळाचा वासही नाही. गोष्ट सांगणारा जरा थांबून ऐकणाऱ्याला एक माहिती पुरवतो आहे, ‘आता हा बरब्बा कोण, तर...’ अशा चालीवर. रडणाऱ्या मुलाला ‘नाउ, नाउ’ म्हणतात ते ‘उगी, उगी’. ‘नाउ देन’ म्हणजे ‘हं, तर मग’; यॉर्कशरमध्ये तर माणसं भेटली की अभिवादन म्हणूनच ‘नाउ देन’ म्हणतात.

सरकारी राजपत्र चाळणाऱ्यांना हा ‘नाउ’ दुसऱ्या रूपात भेटलेला असतो. इंग्रजी अधिसूचनेत ‘व्हेअरॲज’ने कारणं मांडली जातात आणि मग ‘नाउ, देअरफोर’ने आदेश सुरू होतो. मराठीत तिथे ‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी, आता’ येतं. इथे ‘आता’ कारणांकडून निर्णयाकडे वळतो. बोलण्यातला ‘नाउ दॅट’ही याच घरातला. ‘नाउ दॅट यू आर हिअर, स्टे फॉर डिनर’ म्हणजे ‘आता आलाच आहात तर जेवूनच जा’.

काळाच्या शब्दाने असं काळ सोडून जाणं आपल्याकडे जुनंच आहे. इंग्रजी ‘नाउ’ आणि संस्कृत ‘नु’ एकाच मुळातले. ‘नूनम्’ त्याच कुळातला. वेदात त्याचा अर्थ ‘आता’, पुढच्या संस्कृतात मात्र ‘खात्रीने’.

गैरसमज : ‘जस्ट नाउ’ म्हणजे ‘आत्ताच’, जगात कुठेही.

‘ही लेफ्ट जस्ट नाउ’ म्हणजे तो आत्ताच गेला, हे खरं. पण ब्रिटनमध्ये ‘आय ॲम बिझी जस्ट नाउ’ म्हणजे सध्या कामात आहे. दक्षिण आफ्रिकेत कुणी ‘आय विल डू इट जस्ट नाउ’ म्हणालं तर दाराकडे डोळे लावून बसू नये. तिथे ते ‘करतो थोड्या वेळाने’ असतं, आणि तो थोडा वेळ बराच लांबू शकतो. लवकर करायचं असेल तर ते ‘नाउ-नाउ’ म्हणतात. यामागे तिथल्या आफ्रिकान्स भाषेतले ‘नेतनाउ’ आणि ‘नाउ-नाउ’ आहेत. जोहान्सबर्गच्या ऑफिसबरोबर काम करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी बरीच चिडचिड वाचेल.

‘नाउ इटसेल्फ’ मात्र आपला, भारतीय. ‘आत्ताच ये’मधला ‘च’ इंग्रजीत कुठे ठेवायचा, या अडचणीतून ‘कम नाउ इटसेल्फ’ आलं. देशभर ते सगळ्यांना समजतं, त्यामुळे त्याला हसायचं कारण नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या माणसाशी बोलताना ‘राइट नाउ’ म्हणावं, किंवा ‘नाउ’वर नुसता जोर द्यावा.

राहता राहिला ‘नाउअडेज’. अर्जांत, निबंधांत तो तीन तुकड्यांत लिहिलेला दिसतो. आज तो एकच शब्द आहे, जोडरेषेशिवाय. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा वाटतो, पण ती जुन्या इंग्रजीतली षष्ठीची खूण आहे, ‘ऑलवेज’च्या शेवटी उरली आहे तीच.