व्यायामाची मात्रा : कर्करोग्यांच्या सेवेची एक नवी विद्या

घरातील कर्त्या माणसाला कर्करोगाने गाठले, की आपल्या कुटुंबांतून बहुधा एकच सूर उमटतो : "आता तुम्ही स्वस्थ पडून राहा." दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती जातात, पेठेत जाणे थांबते, पाण्याचा तांब्यादेखील कोणीतरी आणून हातात देते. या मायेला दोष देण्याचे कारण नाही. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधनाने या समजुतीचा पायाच हलविला आहे. रोगाने व उपचारांनी शरीराची जी झीज होते, तिच्यात सक्तीच्या विश्रांतीने भरच पडते, असे दिसून आले आहे. योग्य व्यायाम हा रोग्याला त्रास नसून उपचाराचाच एक भाग आहे, असे तज्ज्ञ आता सांगतात.

तथापि, "थोडे फिरत जा" असे मोघम सांगणे निराळे, आणि औषधाप्रमाणे व्यायाम देणे निराळे. वैद्य औषध कोणते, किती आणि किती वेळा घ्यावयाचे हे ठरवून देतो. तीच शिस्त येथेही लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या अनेक देशांच्या तज्ज्ञांनी २०१९ साली जे प्रमाण प्रसिद्ध केले, ते असे : आठवड्यातून तीन वेळा निदान ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन वेळा स्नायूंना बळ देणारा व्यायाम. अशा नियमाने थकवा, चिंता व उदासीनता कमी होते आणि दैनंदिन कामे करण्याची शक्ती वाढते, असा त्यांचा निर्वाळा आहे.

ही मात्रा प्रत्येक रोग्याच्या प्रकृतीनुसार ठरविणारी माणसे तयार करण्याच्या कामी ऑस्ट्रेलिया देश पुढे आहे. तेथील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली व्यायाम हा नित्याच्या उपचाराचा भाग असावा, असा स्पष्ट अभिप्राय दिला. पर्थ शहरातील एडिथ कोवन विद्यापीठाने तर या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रमच उभारला. १९२१ साली ऑस्ट्रेलियातील विधिमंडळावर निवडून गेलेल्या पहिल्या स्त्रीचे नाव या विद्यापीठास दिलेले आहे.

या विद्येत व्यायामाचे प्रकार पाठ करणे हा सर्वांत सोपा भाग होय. कर्करोग कसा वाढतो, शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार यांचे शरीरावर काय परिणाम होतात, हे आधी जाणावे लागते. काही औषधे हृदयाला दुर्बल करतात. काहींमुळे पायांची संवेदना जाऊन तोल सुटतो. रोग हाडांत पसरला असेल, तर त्या भागावर भार पडू देता येत नाही. रक्तातील पेशी कमी झाल्या असतील, तर त्या दिवशीचा व्यायाम बदलावा लागतो. हे तारतम्य ज्याला नाही, त्याच्या हाती रोगी सोपविणे धोक्याचे आहे.

जुन्या समजुती कशा बदलल्या, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर ज्या स्त्रियांच्या हाताला सूज येते, त्यांना त्या हाताने वजन उचलू नका, असे सांगितले जाई. अमेरिकेत १४१ स्त्रियांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवीत नेल्याने सूज वाढली नाही, उलट सूज बळावण्याचे प्रसंग कमी झाले. दुसरे उदाहरण पर्थचेच. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर संप्रेरके रोखण्याचा जो उपचार करतात, त्याने पुरुषांचे स्नायू क्षीण होतात. अशा ५७ पुरुषांच्या चाचणीत १२ आठवड्यांच्या व्यायामाने ही हानी भरून निघू लागल्याचे २०१० साली जाहीर झाले.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा २०२५ सालचा आहे. कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत मुख्यतः चाललेल्या एका चाचणीत, मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार पूर्ण झालेले ८८९ रोगी होते. निम्म्यांना आरोग्यविषयक माहितीपुस्तिका दिल्या. निम्म्यांना त्यांबरोबरच तीन वर्षे मार्गदर्शकाच्या साहाय्याने व्यायाम दिला. आठ वर्षांनंतर पहिल्या गटात शेकडा सुमारे ८३, तर व्यायाम करणाऱ्यांत शेकडा सुमारे ९० रोगी हयात असल्याचे दिसले. शेकडा सात माणसांचा फरक म्हणजे किती घरांचा आधार टिकला, याचा हिशोब व्यापाऱ्याला समजावून सांगावयास नको. स्नायू व सांधे यांच्या तक्रारी मात्र व्यायाम करणाऱ्यांत अधिक आढळल्या. जाणत्या मार्गदर्शकाची गरज यावरूनही कळते. शिवाय हा निष्कर्ष एका विशिष्ट रोगाच्या ठराविक अवस्थेचा आहे. तो सर्व कर्करोगांना सरसकट लावणे योग्य नव्हे. व्यायाम औषधोपचाराची जागा घेत नाही, तो त्याला जोड देतो.

आपल्या सभासद बंधुभगिनींनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. घरात असा आजार आल्यास डॉक्टरांना औषधांबरोबर हाही प्रश्न विचारावा : "रोग्याने कोणता व्यायाम करावा, किती करावा, आणि कोणता टाळावा?" दुसरी गोष्ट मुलामुलींच्या शिक्षणाची. भौतिकोपचार किंवा व्यायामशास्त्र शिकणारी मुले आता अनेक घरांत आहेत. त्यांच्यापैकी कोणास या विषयात पुढे शिकण्याची इच्छा असेल, तर "हे कसले शिक्षण?" असे म्हणून त्यांना परतवू नये. गावात दवाखाना बांधणाऱ्या दात्यांची परंपरा व्यापारी समाजात जुनी आहे. त्या दवाखान्यात रोग्याला हात धरून पुन्हा चालते करणारे शिकलेले माणूस असावे, यासाठी दिलेली शिष्यवृत्ती हे त्याच तोलाचे दान ठरेल.