कराचे एकक : व्यक्ती की कुटुंब?

नोकरदाराचे कागदोपत्री वेतन आणि महिनाअखेरीस त्याच्या हाती पडणारे वेतन यांतील तफावतीचा विचार करताना बहुधा प्राप्तिकराच्या दरांकडेच लक्ष वेधले जाते. तथापि दर निश्चित करण्यापूर्वी कायद्याला आणखी एक मूलभूत प्रश्न सोडवावा लागतो. कर कोणावर आकारावयाचा, व्यक्तीवर की कुटुंबावर? या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे दिले आहे आणि त्यानुसार समान उत्पन्नाच्या कुटुंबांवरील करभारही बदलतो.

दोन पद्धती

अमेरिकेत १९४८ पासून विवाहित दांपत्याला संयुक्त विवरणपत्र भरून उत्पन्नविभागणीचा लाभ घेता येतो. करदाता अविवाहित आहे, विवाहित असून संयुक्त विवरणपत्र भरतो की स्वतंत्र, की एकट्याने कुटुंबाचा भार वाहतो, यावर त्याचे करटप्पे ठरतात. कर्मचाऱ्याने कळविलेल्या या दर्जानुसार नियोक्ता वेतनातून करकपात करतो. याउलट ब्रिटनने एप्रिल १९९० पासून पती-पत्नींची स्वतंत्र करआकारणी स्वीकारली.

भारताने व्यक्ती हेच एकक मानले आहे. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील ‘व्यक्ती’ या संज्ञेत सात प्रकारच्या करदात्यांचा समावेश होता. त्यांत हिंदू अविभक्त कुटुंब होते. पती-पत्नींचे दांपत्य मात्र नव्हते. अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र करदाता असला, तरी सदस्याने स्वतःच्या श्रमाने मिळविलेले वेतन सामान्यतः त्याचेच वैयक्तिक उत्पन्न ठरते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या अंमलासाठी संमत झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्येही दांपत्याला स्वतंत्र करदात्याचे स्थान देण्यात आलेले नाही.

करदात्याच्या वैयक्तिक स्थितीचा विचार आपल्याकडे झालाच नाही, असे मात्र नाही. १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा विवाहितांसाठी २,००० रुपये, तर अविवाहितांसाठी १,००० रुपये अशी वेगवेगळी सुचविली होती. हा भेद पुढे टिकला नाही. महिलांसाठी असलेली वाढीव करमुक्त मर्यादाही २०१२-१३ पासून संपुष्टात आली.

एका उदाहरणातून

समजा, दोन कुटुंबांचे वार्षिक वेतन प्रत्येकी २४ लाख रुपये आहे. पहिल्या कुटुंबात एकच व्यक्ती कमावती आहे. दुसऱ्यात पती व पत्नी प्रत्येकी १२ लाख रुपये मिळवितात. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीनुसार हिशेब करू.

पहिल्या कुटुंबात ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता करपात्र उत्पन्न २३,२५,००० रुपये उरते. पहिले ४ लाख करमुक्त. त्यापुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५ व २० टक्के आणि उरलेल्या ३,२५,००० रुपयांवर २५ टक्के या दराने कर २,८१,२५० रुपये होतो. ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकरासह ही रक्कम २,९२,५०० रुपये, म्हणजे दरमहा २४,३७५ रुपये होते.

दुसऱ्या कुटुंबात प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न ११,२५,००० रुपये आणि त्यावरील कर ५२,५०० रुपये होतो. परंतु १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्या निवासी व्यक्तीला ६०,००० रुपयांपर्यंत करसवलत असल्याने प्रत्यक्ष देय कर शून्य राहतो. कुटुंबाचे उत्पन्न तेच. हाती येणाऱ्या रकमेत मात्र वर्षाला सुमारे तीन लाखांचे अंतर.

न्याय कशात?

हे अंतर अन्यायकारक मानणारे संयुक्त विवरणपत्राची मागणी करतात. घर, मुले व वृद्ध यांची जबाबदारी सांभाळणाऱ्या जोडीदाराच्या श्रमाची दखल करव्यवस्थेने घ्यावी, हा त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. परंतु दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. संयुक्त आकारणीत नव्याने नोकरीस लागणाऱ्या पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते. त्यामुळे तिच्या पहिल्या रुपयापासूनच दांपत्याच्या वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. स्वतंत्र आकारणीत तिचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. स्त्रियांच्या रोजगाराच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरू शकतो.

वाढत्या उत्पन्नावर वाढता दर, समान उत्पन्नाच्या दांपत्यांवर समान कर आणि विवाहामुळे करात बदल न होणे ही तिन्ही उद्दिष्टे एकाच वेळी पूर्णपणे साधता येत नाहीत. भारताने यांपैकी दुसऱ्याला मुरड घातली आहे.

पळवाटांना बांध आणि एक अपवाद

व्यक्ती हे एकक मानले की उत्पन्न कुटुंबीयांत कृत्रिमरीत्या वाटण्याचा मोह निर्माण होतो. म्हणून पुरेशा मोबदल्याविना जोडीदाराच्या नावे केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न मूळ मालकाच्याच उत्पन्नात मिळविले जाते. पत्नी व अज्ञान मुलांचे भागीदारीतील उत्पन्न एकत्र करणारी १९२२ च्या अधिनियमातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ‘बालाजी विरुद्ध प्राप्तिकर अधिकारी, अकोला’ या खटल्यात वैध ठरविली होती.

गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी संहितेतील सामाईक मालमत्तेच्या तत्त्वामुळे, ती लागू असलेल्या दांपत्याचे वेतनेतर उत्पन्न दोघांत समसमान विभागले जाते. वेतन तेथेही ज्याचे त्याचेच राहते.

वेतनचिठ्ठीवरील परिणाम

त्यामुळे भारतीय नोकरदाराच्या उगमस्थानी करकपातीवर विवाहाचा थेट परिणाम होत नाही. परिणाम होतो तो प्रामुख्याने करप्रणालीच्या निवडीचा. २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली मानली जाते. कर्मचाऱ्याने जुन्या प्रणालीचा पर्याय कळविला नाही, तर नियोक्ता नव्या प्रणालीनुसार वार्षिक कराचा अंदाज करून दरमहा कपात करतो. ज्याचे घरभाडे, बचत व गृहकर्जाचे व्याज मोठे आहे, त्याला जुनी प्रणाली लाभदायक ठरू शकते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या नोकरदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना हा पर्याय बदलता येतो. अर्थात, तोवर जादा कापला गेलेला कर परताव्याच्या रूपानेच मिळतो.

करआकारणीचे एकक ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. घरात मिळविलेला पैसा कोणाचा मानावयाचा, याविषयीची समाजाची भूमिका तिच्यातून व्यक्त होते. संयुक्त विवरणपत्राच्या मागणीचा विचार करताना एकाच कमावत्या व्यक्तीच्या कुटुंबाला मिळणारा दिलासा आणि कमावत्या स्त्रीचे स्वतंत्र करदाती म्हणून असलेले स्थान या दोहोंचा तोल सांभाळावा लागेल.