मोबाइलमधील फाइल संगणकांत कशी जाते

हल्लीं बहुतेक घरांत मोबाइल आहे. कुटुंबाचीं छायाचित्रें, मुलांच्या गुणपत्रिका, सातबाऱ्याची प्रत, फार काय, वडीलधाऱ्या माणसांचा आवाजसुद्धां त्या तळहाताएवढ्या यंत्रांत सांठविलेला असतो. यंत्र भरलें म्हणजे हें सारें संगणकावर न्यावें लागतें, आणि तें काम बहुधा घरांतील शाळकरी मुलाकडे येतें. पुष्कळ मौल्यवान वस्तु नाहींशा होतात त्या याच वेळीं. सबब फाइल एका यंत्रांतून दुसऱ्यांत जाते म्हणजे नेमकें काय होतें, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं समजून घेणें अवश्य आहे.

'फाइल पाठविली' असें आपण म्हणतों, तेव्हां एका पेटींतील पुस्तक उचलून दुसऱ्या पेटींत ठेवावें तसें कांहीं घडलें, अशी आपली समजूत होते. वस्तुतः कांहींच उचललें जात नाहीं. फाइल म्हणजे शून्य व एक या दोनच चिन्हांची एक लांबलचक ओळ. संगणक ती वाचतो आणि आपल्याजवळ नवी लिहून काढतो; वर्गांत फळ्यावरील मजकूर वहींत उतरून घ्यावा तसा. दोन यंत्रांमध्यें 'कट' करून फाइल हलविली तरी प्रथम नक्कलच होते, मागाहून मूळ पुसलें जातें. मध्येंच केबल सुटली किंवा वीज गेली तर वही अर्धी आणि फळा कोरा, असा प्रसंग ओढवूं शकतो. म्हणून मुलांनीं 'कट' हा शब्द येथें विसरावा व केवळ 'कॉपी' करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मार्ग अनेक आहेत; त्यांत यूएसबी केबल सर्वांत भरंवशाची. ही जोडणी १९९६ सालीं निघाली. तिच्या साध्या प्रकारांत चार तारा असतात. दोन विजेकरितां व दोन माहितीकरितां. कांहीं स्वस्त केबलींत माहितीच्या तारा मुळींच नसतात. अशा केबलीनें मोबाइल चार्ज होतो, पण संगणकास तो दिसत नाहीं, आणि दोष मात्र बिचाऱ्या संगणकास मिळतो! तेव्हां अडचण आल्यास प्रथम केबल बदलून पाहावी.

केबल चांगली असूनही फोल्डर रिकामा दिसला, तर मोबाइलकडे पाहावें. बहुतेक अँड्रॉइड मोबाइल जोडल्याबरोबर केवळ चार्ज होतात; त्यांचें कुलूप उघडून पडद्यावरील सूचनेंत 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा लागतो. आयफोन तर या संगणकावर विश्वास ठेवूं काय, असें विचारतो. हा जाच नव्हे. परक्या ठिकाणीं चार्जिंगला लाविलेल्या यंत्रांतून कोणीं कांहीं नेऊं नये, याकरितां ही व्यवस्था आहे.

पूर्वींचे मोबाइल आपली सांठवण पेनड्राइव्हप्रमाणें संगणकाच्या स्वाधीन करीत, आणि तोंवर त्यांना स्वतःला ती वापरतां येत नसे. २०११ सालच्या अँड्रॉइड ३.० पासून एमटीपी नांवाची पद्धत रूढ होत गेली. पूर्वीं जणूं ग्रंथालयाच्या किल्ल्याच वाचकाच्या हातीं दिल्या जात. आतां वाचकानें खिडकीशीं येऊन पुस्तक मागावें आणि ग्रंथपालानें तें आणून द्यावें. कुलूपबंद मोबाइलचा फोल्डर रिकामा कां दिसतो, याचें उत्तर यांतच आहे: ग्रंथपालानें खिडकी उघडलेली नसते.

बिनतारी मार्गांचें गणित मुलांनीं स्वतः करून पाहावें. ब्लूटूथचा वेग सेकंदास २ मेगाबिट धरूं. १ गिगाबाइटचा व्हिडिओ म्हणजे सुमारें ८,००० मेगाबिट. त्यास ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ लागेल. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे. तिच्या निम्मा वेग मिळाला तरी काम ३५ सेकंदांच्या आंत आटोपतें. व्हॉट्सॲपनें चित्र पाठविणें सोपें खरें, परंतु तें चित्राचा आकार कमी करतें व बारीक तपशील जातो. पाठवायचेंच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावें.

'सिंक' म्हणजे मात्र नक्कल जपून ठेवणें नव्हे. तो आरसा आहे. गूगल फोटोज ॲपमध्यें बॅकअप झालेलें चित्र तेथेंच पुसल्यास तें मोबाइलमधून जातें व क्लाउडमधूनही जातें. घरांतील एकानें जागा करण्याकरितां पुसावें आणि सर्वांचीं चित्रें जावीं, हें अशानेंच होतें.

नक्कल झाल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा. कांहीं चित्रें संगणकावर उघडावीं, व्हिडिओ व आवाज शेवटपर्यंत चालवावे. आयफोनमधील चित्र जुन्या संगणकावर उघडलें नाहीं, तर तें बिघडलें असें मानूं नये. २०१७ पासून ते मोबाइल चित्रें एचईआयसी या निराळ्या रूपांत ठेवतात, आणि जुन्या संगणकास तें वाचतां येत नाहीं. पेनड्राइव्ह वा मेमरी कार्ड असेल तर 'इजेक्ट' केल्यावांचून काढूं नये, कारण काम संपलें असें दिसत असतांही लिहिण्याचें कांहीं शिल्लक असूं शकतें. मोबाइलमधील मूळ निदान आठ दिवस तसेंच राहूं द्यावें, आणि तेवढ्या अवधींत दुसरी एक नक्कल वेगळ्या डिस्कवर करून ती घरांतील दुसऱ्या कोणाजवळ ठेवावी.