भूमिगत पाण्याचा नकाशा

नद्या आणि सरोवरे डोळ्यांना दिसतात. म्हणून त्यांचे नकाशे काढणे फारसे अवघड नसते. परंतु पृथ्वीच्या पोटातही पाण्याचा फार मोठा साठा आहे. पावसाचे काही पाणी जमिनीत मुरते, माती आणि खडक यांच्या फटींतून खाली झिरपते व सच्छिद्र थरांत साठून राहते. हे भूजल तेथे स्वस्थ बसत नाही. ते अत्यंत मंद गतीने वाहत असते आणि शेवटी एखाद्या झऱ्याच्या, नदीच्या किंवा पाणथळीच्या रूपाने पुन्हा सूर्यप्रकाशात येते. ह्या अदृश्य प्रवाहाचाही नकाशा काढता येतो. त्या नकाशाचे महत्त्व किती आहे, हे स्पेन देशातील एका पाणथळीच्या कथेवरून चांगले कळते.

स्पेनच्या मध्यभागी ला मांचा नावाचे कोरडे, विस्तीर्ण पठार आहे. त्या पठारावर सिग्वेला आणि ग्वादियाना ह्या दोन नद्यांच्या संगमाजवळ 'लास ताब्लास दे दाइमिएल' ही पाणथळ आहे. सिग्वेलेचे पाणी मचूळ व केवळ पावसाळी. ग्वादियानेचे पाणी मात्र गोडे आणि बारमाही असे. कारण ग्वादियाना पावसावर विसंबून नव्हती. 'ग्वादियानेचे डोळे' ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या झऱ्यांतून भूजल वर येई आणि नदीला पाणी पुरवी. त्या पाण्यावर बोरूची बने माजत व असंख्य पाणपक्षी तेथे आश्रयास येत. सन १९७३ मध्ये ह्या पाणथळीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

उद्यानाला सीमा मिळाली. परंतु उद्यान ज्या पाण्यावर जगत होते, ते त्या सीमेबाहेर दूरवर पसरलेल्या चुनखडकाच्या थरांतून येत होते. पूर्वी तेथील शेतकरी रहाटाने विहिरीचे पाणी उपसत. पुढे खोल विहिरी आणि शक्तिशाली पंप आले, बागायत कित्येक पटींनी वाढली. शेतकऱ्यांच्या घरी सुबत्ता आली. पण पावसाने जेवढे पाणी मुरे, त्याहून अधिक पाणी दरवर्षी उपसले जाऊ लागले. भूजलाची पातळी खाली खाली गेली आणि १९८० नंतरच्या काही वर्षांतच ग्वादियानेचे डोळे कोरडे पडले.

भूजलाचा नकाशा काढण्याची रीत मोठी बुद्धिगम्य आहे. प्रथम त्या प्रदेशातील अनेक विहिरी निवडतात. प्रत्येक विहिरीजवळील जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची काढतात आणि तीतून विहिरीतील पाण्याची खोली वजा करतात. समजा, टेकडीवरील विहिरीजवळ जमीन ६४० मीटर उंच आहे व पाणी २० मीटर खोल आहे. तर पाण्याची उंची ६२० मीटर झाली. सखल भागात जमीन ६१८ मीटर उंच आहे व पाणी केवळ ५ मीटर खोल आहे. तर तेथे पाण्याची उंची ६१३ मीटर झाली. पहिली विहीर अधिक खोल दिसते खरी, परंतु तिच्यातील पाणीच अधिक उंचावर आहे. अशा समान उंचीच्या जागा रेषांनी जोडल्या म्हणजे नकाशा तयार होतो. पाणी सामान्यतः ह्या रेषांना काटकोनात, उंच पातळीकडून सखल पातळीकडे वाहते. आंरी डार्सी ह्या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी सोडून प्रयोग केले आणि सन १८५६ मध्ये ह्या प्रवाहाचा नियम प्रसिद्ध केला. पातळीचा उतार जितका अधिक आणि थर जितका झिरपू देणारा, तितका प्रवाह अधिक, असा त्या नियमाचा आशय आहे.

दाइमिएलच्या परिसरातील पातळ्या पाहिल्या तेव्हा एक विलक्षण गोष्ट आढळली. पूर्वी भूजल सभोवारच्या उंच पातळीकडून पाणथळीकडे वाहत येई व तेथे वर निघे. आता सभोवारची पातळी इतकी खालावली होती की, पाणथळीतीलच पाणी जमिनीत मुरू लागले होते. प्रवाहाची दिशा उलटली होती! सन १९८८ पासून ताहो नदीच्या खोऱ्यातून पाणी आणून पाणथळीत सोडण्यात आले. त्याने तात्पुरता आधार मिळाला; परंतु गळक्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरावी कशी? सन २००९ मध्ये तर पाणथळीतील पीट, म्हणजे शतकानुशतके साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, वाळून जमिनीखाली धुमसू लागला. जेथे पाणी असावयाचे, तेथे अग्नी पेटला! पुढे सन २०१० च्या आरंभी झालेल्या विपुल पावसाने पाणथळ भरली आणि आग शमली.

पावसाळी वर्षे लाभल्यावर सन २०१२ मध्ये ग्वादियानेचे झरे पुन्हा वाहू लागले, तेव्हा लोकांना अत्यानंद झाला. तथापि पुढील कोरड्या वर्षांत पाणी पुन्हा उतरले. झरे कायमचे मेले नव्हते, पण उपसा व भरणा यांचा मेळ बसल्यावाचून ते टिकणारही नव्हते. खरा उपाय पाणथळीत नव्हे, तर दूरच्या शेतांत आहे, हेच नकाशाने दाखविले. म्हणून तेथे विहिरींच्या उपशावर मर्यादा घालण्यात आल्या, तसेच कमी पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांना भरपाई देण्याची योजनाही आखण्यात आली. कारण पाण्याचा त्याग करावयास सांगताना शेतकऱ्याच्या चुलीचाही विचार करावाच लागतो.

जमिनीवर शेताला बांध घालता येतो. जमिनीखालच्या पाण्याला तो ठाऊक नसतो. एका विहिरीतून काढलेले पाणी दूरच्या झऱ्याच्या वाट्याचे असू शकते. भूजलाचा नकाशा हे अदृश्य नाते डोळ्यांसमोर आणतो. ते नाते ओळखून पाणी बेताने वापरणे, हे मात्र माणसाचेच काम आहे.