पेढीवरची नाणी मांडताना

तिजोरीच्या तळाशी जुन्या नाण्यांची एखादी थैली नाही, असे घर आपल्या व्यापारी समाजात विरळाच. गतवर्षी अशा नाण्यांचे प्रदर्शन संघाच्या सभागृहात भरवून त्यांची सूची छापावी असा ठराव झाला, आणि ते काम आम्हां चौघांच्या समितीकडे आले. नाणी काचेखाली मांडावयाची व खाली चिठ्ठ्या लावावयाच्या, एवढाच आमचा अंदाज होता. तो पहिल्याच आठवड्यात फसला.

सभासदांनी थैल्या आणून दिल्या. त्यांत तांब्याच्या शिवराया होत्या, पेशवाईतील अंकुशी रुपये होते, होळकरांचे सूर्यमुखी रुपये, बडोद्याचे खूर व तलवारीच्या छापाचे पैसे, हैदराबादचा चारमिनारचा हाली सिक्का आणि गोव्याची पोर्तुगीज रुपियाही होती. आपल्या बेळगावच्या पेठेची देवघेव कोठवर पोहोचली होती, ते त्या ढिगावरून कळत होते.

एका तरुण कार्यकर्त्याने उत्साहाच्या भरात शिवरायांची एक संपूर्ण थैली चिंचेच्या कोळाने घासून लखलखीत केली. आम्ही त्याची पाठ थोपटली. पुढे जाणकारांनी सांगितले, की तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला काळसर थर धातूचे रक्षण करीत असतो, आणि एकदा गेलेला तो थर परत आणता येत नाही. याहून मोठी हानी निराळीच होती. त्या थैलीत मोडी अक्षरांची एक जीर्ण चिठ्ठी होती. ती आता कशाला हवी, असे म्हणून थैलीसह केरात टाकावयास सांगणारे आम्हीच होतो.

चिठ्ठीचे मोल पुढे जोगळटेंभीच्या ठेव्याची हकीगत वाचताना उमगले. नाशिक जिल्ह्यातील या गावी 1906 साली क्षत्रप नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटविलेला आढळला. जेत्याने पराभूताचे चलन आपलेसे केले, हे त्यावरून दिसते. तीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर हे प्रमाण कोणाच्या ध्यानी आले असते?

तेव्हापासून आम्ही प्रत्येक नाण्याबरोबर ते कोठून व कोणाच्या पेढीतून आले, हे प्रथम लिहून घेऊ लागलो. काही सभासदांनी नाव छापण्यास नकार दिला. आयकराचे भय ज्यांना असते, त्यांना ते नाण्याच्या प्रदर्शनातही असते! त्यांच्यापुरते केवळ गावाचे नाव दिले.

मांडणीत मोठी अडचण दोन बाजूंची. शिवराईच्या एका अंगास ‘श्री राजा शिव’, तर दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’. काचेखाली एकच अंग दिसते. सारख्या जातीची दोन नाणी असतील तेथे एक उताणे व एक पालथे ठेविले. अन्यत्र दुसऱ्या अंगाचे मोठे छायाचित्र लावले. सूचीत धातू, वजन, व्यास व दोन्ही अंगांचे वर्णन दिले. छाप नाण्याहून मोठा असल्याने पुष्कळ शिवरायांवर अक्षरे अर्धवटच उमटतात. जी दिसली तेवढीच छापली व तर्काने भरलेली कंसात घातली.

रुपयांवरील सराफी ठशांविषयी मात्र आमचा संग्राहकांशी मतभेद झाला. ते त्यांना नाण्याचा दोष मानतात. वस्तुतः चांदी पारखून सराफाने मारलेली ती खूण होय. आपल्याच पूर्वजांच्या हातची निशाणी आपणच डाग म्हणून का नोंदवावी? सूचीत आम्ही त्यासाठी स्वतंत्र रकाना ठेविला, आणि मांडणीत त्या रुपयांशेजारी एका सभासदाच्या आजोबांचा तराजू ठेविला. सर्वांत दाटी त्याच काचेपाशी झाली.

चिंचेने घासलेल्या शिवरायाही आम्ही मांडल्या. त्यांच्या चिठ्ठीवर लिहिले: ‘प्राप्तिस्थान अज्ञात. सफाईने मूळ पृष्ठ नष्ट. दोष समितीचा.’ सूची छापखान्यात जाण्यापूर्वी शेवटचे दोन शब्द गाळावेत, असे आमच्यातील एकाचे मत पडले. ते गाळले नाहीत.