वाकून नमस्कार करता येईल असा सूट

पिरनवाडी, मच्छे, उद्यमबाग या बेळगावच्या खानापूर रस्त्याच्या पट्ट्यात लग्नसराईत रिसेप्शनच्या स्टेजवर उभा असलेला नवरदेव हल्ली पूर्ण श्वास घेत नाही. कोटाचं बटण पोटावर ताणलेलं असतं आणि त्याच्या चहूबाजूंनी सुरकुत्यांची फुली उमटलेली असते. पँट पोटरीला चिकटून घोट्याच्या वर थांबलेली. मांडवात सकाळी धोतर किंवा शेरवानी घालून तो मोकळा वावरत होता. संध्याकाळी सूट चढला आणि तो एकदम कडक झाला. आजी स्टेजवर येते तेव्हा खरी परीक्षा सुरू होते, कारण तिच्या पाया पडायला वाकावं लागतं.

शिंप्याची यात फारशी चूक नसते. ट्रायलच्या वेळी शिंपी हाताचा तळवा आत जाईल एवढी जागा सोडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, “मामा, अजून जरा आत घ्या की!” बरोबर आलेले दोन मित्र आणि मोबाईलवरचा फोटो त्याला दुजोरा देतात. सूट जितका घट्ट तितका फॅशनेबल, हा समज इतका पक्का झाला आहे, की सैल शिवलेला सूट म्हणजे वडिलांचा सूट असं तरुणांना वाटतं. ‘फिटिंग’ या शब्दाचा अर्थच आता ‘चिकटणं’ असा झाला आहे.

वस्तुस्थिती अशी, की ही घट्ट फॅशन फार जुनी नाही आणि आता ताजीही राहिलेली नाही. एडी स्लिमान या फ्रेंच डिझायनरने 2000 नंतरच्या काही वर्षांत ‘डिओर ओम’ या ब्रँडसाठी अरुंद खांद्यांचे, बारीक लॅपलचे, काडीसारख्या पँटचे सूट आणले. ते बेतलेले होते अत्यंत सडपातळ तरुणांच्या अंगावर. ख्यातनाम डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांना ते इतके आवडले, की ते अंगात बसावेत म्हणून त्यांनी तेरा महिन्यांत सुमारे 42 किलो वजन घटवलं, आणि तसं त्यांनी स्वतःच सांगितलं. म्हणजे या सुटाच्या मूळ चाहत्यानेसुद्धा कपडा अंगाला बसवला नाही, अंग कपड्याला बसवलं. तोच कट पुढे स्वस्त होत, आखडत रेडिमेड सेटमधून गावोगावी पोचला. वाटेत मूळचं भारी कापड गळालं आणि फक्त घट्टपणा उरला.

त्याआधीचा काळ पाहिला तर चित्र उलटं दिसतं. सत्तरच्या दशकात लॅपल रुंद होते आणि पँट बेलबॉटम. डिझायनर जॉर्जिओ आर्मानी यांनी कोटाच्या आतलं जाड पॅडिंग आणि अस्तर कमी करून तो खांद्यावरून सहज खाली पडेल असा केला. 1980 च्या ‘अमेरिकन जिगोलो’ चित्रपटात रिचर्ड गिअरच्या अंगावर तो जगाने पाहिला. सप्टेंबर 2025 मध्ये आर्मानी 91 व्या वर्षी वारले, तेव्हा पुरुषांची फॅशन पुन्हा त्यांच्याच मोकळ्या, मऊ खांद्याच्या कोटाकडे वळलेली होती. गेली काही वर्षं लॅपल रुंद होताहेत, डबल ब्रेस्टेड परत आला आहे, पँटची कंबर वर चढली आहे, समोर चुण्या आल्या आहेत आणि बॉटम सुटला आहे. तेरा-चौदा इंची बॉटमचा हट्ट धरणारा नवरदेव आज फॅशनच्या पुढे नाही, पंधरा वर्षं मागे आहे.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. सीमाभागातल्या असंख्य घरांत बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर असते. एप्रिल 1925 मध्ये ते बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी निपाणीला आले होते, त्याला शंभर वर्षं उलटली. त्यांची तीस-चाळीसच्या दशकातली, पूर्ण उभी छायाचित्रं कधी नुसती कपड्यांसाठी पाहावीत. कोट मागून पूर्ण झाकणारा, पँट कमरेला उंच आणि पायात सरळ, ऐसपैस पडणारी. संसदेच्या आवारात 2 एप्रिल 1967 रोजी अनावरण झालेला ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळाही सुटातलाच आहे. त्या माणसाच्या सुटाचा दरारा कुणाला कमी वाटला आहे? तो कुठेही घट्ट नाही.

मग सूट ‘बसला’ हे ओळखायचं कसं? खांद्यापासून सुरुवात करावी. बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाला संपली पाहिजे. ती दंडावर उतरली तर कोट मोठा, वर चढली तर लहान. खांदा चुकला तर तो कोट घेऊच नये, कारण कंबर आत-बाहेर करणं तासाभराचं काम आहे, खांदा दुरुस्त करणं म्हणजे अर्धा कोट उसवणं. मानेमागे कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला टेकलेली हवी. बटण लावल्यावर सुरकुत्यांची फुली दिसता कामा नये आणि लॅपल छातीवरून पुढे फुगता कामा नये. शर्टाचा कफ बाहीखाली अर्धा इंच दिसावा. कोटाची लांबी मागून सीट झाकेल एवढी हवी. सध्या दुकानांत टांगलेले आखूड कोट ती झाकत नाहीत आणि उंची वाढवण्याऐवजी माणूस मधोमध कापल्यासारखा दाखवतात. पँट बुटावर जेमतेम टेकावी.

एक गोष्ट मुंड्याची. मुंडा खोल कापला, की हात वर करताना सगळा कोट वर जातो, म्हणून लोक तो आणखी घट्ट करून घेतात आणि त्रास वाढवतात. मुंडा काखेजवळ, थोडा वर असेल तर कोट अंगावर राहून हात मोकळा फिरतो. हळदीनंतरच्या डीजेसमोर नाचायचं असेल तर हे शिंप्याला आधीच सांगावं.

घट्ट सुटाच्या पाठोपाठ येणारा समज कापडाचा. “मे महिन्यात वूल? उकडून मराल.” बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर असलं तरी मे महिन्यात दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास जातो, त्यामुळे ही भीती स्वाभाविक वाटते. शिवाय इथल्या माणसाला लोकर ठाऊक आहे ती घोंगड्याची. पण दख्खनी मेंढीच्या लोकरीचा तंतू सुटाच्या मेरिनो लोकरीच्या दुपटीहून जाड असतो. 1925 साली ठाण्यात सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीतही सुरुवातीला मुख्यतः स्वस्त, जाडीभरडी ब्लँकेटं निघत. सुटाचं तलम कापड नंतरचं. हलक्या वजनाचं, मोकळ्या विणीचं लोकरी कापड उन्हाळ्यासाठीच विणलेलं असतं.

उकडतं ते लोकरीमुळे नव्हे, पॉलिएस्टरमुळे. प्रमाण हवामानात लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 16 टक्के ओलावा धरते, कापूस साडेआठ टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. घाम जाणार कुठे? आपल्याकडे ‘सूटिंग’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं असतं, राजस्थानातलं भीलवाडा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. ते टिकाऊ आहे, स्वस्त आहे, चुरगळत नाही. रोजच्या ऑफिसला उत्तम. पण त्यावर पूर्ण पॉलिएस्टरचं अस्तर आणि वर घट्ट कट, असं तिहेरी संकट मे महिन्याच्या मांडवात कुणी ओढवून घेऊ नये. बजेट नसेल तर निदान अर्ध्या अस्तराचा कोट मागावा. लिननही चालतं, ते चुरगळतं, आणि चुरगळणं हा त्याचा दोष मानला जात नाही. निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत रेमंडच्याच गटाची सुती आणि लिनन कापडाची गिरणी आहे, म्हणजे हा माल काही परका नाही.

कापडाच्या काठावर छापलेला ‘सुपर 120’ हा आकडा दुकानदार दर्जाचा शिक्का म्हणून दाखवतात. तो तंतूच्या बारीकपणाचा आकडा आहे. आंतरराष्ट्रीय लोकर वस्त्र संघटनेच्या संहितेनुसार सुपर 100 म्हणजे तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन, आणि पुढच्या प्रत्येक दहाला अर्धा मायक्रॉन कमी. म्हणून सुपर 120 म्हणजे 17.75. अमेरिकेने 2006 साली याच मोजमापाचा कायदा केला. आकडा वाढला, की कापड मऊ होतं आणि नाजूकही. दरवर्षी पाच-सहा लग्नांना घालायच्या सुटाला सुपर 150 घेणं म्हणजे पैसे देऊन लवकर झिजणारं कापड घेणं. आणि पूर्ण पॉलिएस्टरच्या कापडावर ‘सुपर’ छापलेलं असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

बाकीचे समज एकेका वाक्यात उरकता येतात. दोन बटणांच्या कोटाचं खालचं बटण लावायचंच नसतं, कोट तसाच कापलेला असतो. राजा सातव्या एडवर्डच्या पोटामुळे ही रीत पडली ही कथा लोकप्रिय आहे, पुरावा मात्र कच्चा आहे. बसताना बटण सोडावं, डबल ब्रेस्टेडचं मात्र उभं असताना लावलेलंच हवं. बाहीवरचं ब्रँडचं लेबल दाखवायला नसतं, ते काढायचं असतं. मागच्या कापावरचा पांढऱ्या दोऱ्याचा टाकाही उसवायचा असतो, आणि ही चूक ऐन स्टेजवर, पाठीमागून, व्हिडिओत कायमची नोंदली जाते. सॅटिन लॅपलचा टक्सिडो संध्याकाळचा पोशाख आहे, दुपारी साडेबाराच्या अक्षतांना तो घालू नये. कॅम्पस मुलाखतीला काळाच सूट हवा असंही नाही. नेव्ही किंवा गडद करडा सूट मुलाखतीला, लग्नाला आणि साखरपुड्याला, तिन्हीकडे चालतो. टायचं टोक पट्ट्याच्या बकलाशी थांबावं. बंदगळा सुटात मोडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आठवावं, की 2015 मध्ये सुरतेत 4.31 कोटींना लिलाव झालेला पंतप्रधानांचा गाजलेला ‘सूट’ बंदगळाच होता.

एक गैरसमज मात्र खर्चिक आहे: दर वापरानंतर ड्रायक्लीन. रसायनांनी लोकर कोरडी पडते आणि कोटात आतून चिकटवलेलं कापड सुटून छातीवर फुगे येतात, जे कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत. ब्रश मारून, रुंद हँगरवर रात्रभर वाऱ्याला टांगून, वाफ दिली की पुरे. डाग पडला तरच ड्रायक्लीनला द्यावा. बेळगावच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलेल्या सुटाला बुरशी येते आणि लोकरीला कसर लागते, म्हणून कव्हर सुती कापडाचं शिवून घ्यावं.

तुळशीची लग्नं लागली, की शिंप्यांकडे कामाची रांग लागते आणि ट्रायलला वेळ उरत नाही. सूट किमान महिनाभर आधी टाकावा, ट्रायलला लग्नातलेच बूट आणि शर्ट घालून जावं, आणि कंबरेच्या नि सीटच्या शिवणीत इंचभर मार्जिन आत ठेवायला सांगावं, म्हणजे लग्नानंतर वजन वाढलं तरी तोच सूट उसवून मोठा करता येतो.