मामूंच्या छातीत दुखलेच नाही

मागच्या रमजानची गोष्ट. तरावीहची नमाज आटोपून आमचे मामू मशिदीच्या पायरीवरच बसले. छातीत दुखत नव्हते. नुसता घाम, थोडी धाप आणि जबडा अवघडल्यासारखा. ‘‘गॅस हुआ होगा, भजिये जादा हो गये,’’ म्हणाले. समोरच्या किराणा दुकानातल्या काकांनी ऐकले नाही, सरळ गाडी काढली. चिमूरच्या दवाखान्यात ईसीजी निघाला तेव्हा कळले, हा हृदयविकाराचा झटका होता. रात्रीच नागपूर गाठले. तिथे पहिला प्रश्न, ‘‘शुगर किती वर्षांपासून?’’ चौदा.

काकांना ओळखता आले, कारण त्यांनाही झटका येऊन गेला आहे. त्यांना मधुमेह नाही. छातीवर पाटा ठेवल्यासारखे दुखले होते. एका धमनीत एक अडथळा, एक स्टेंट, काम झाले. मामूंच्या तिन्ही धमन्या लांबवर अरुंद झालेल्या. वर्षानुवर्षांची साखर धमन्यांना आतून खराब करते आणि वेदना पोचवणाऱ्या नसाही बोथट करते. म्हणून झटका मुकाट्याने येतो. मामूंना बायपास सांगितली. मधुमेह आणि अनेक धमन्यांत अडथळे असतील, तर स्टेंटपेक्षा बायपास बहुधा सरस, हे 2012च्या ‘फ्रीडम’ चाचणीत दिसले होते.

फिनलंडमधल्या 1998च्या अभ्यासाचा निष्कर्ष तर झोप उडवणारा. आधी कधीच झटका न आलेल्या मधुमेहींपैकी सुमारे 20 टक्क्यांना सात वर्षांत तो आला. मधुमेह नाही, पण एकदा झटका येऊन गेला, अशांमध्ये हे प्रमाण सुमारे 19 टक्के. पुढच्या काही अभ्यासांत फरक इतका पुसट दिसला नाही, तरी मधुमेहींचा धोका जास्त हे कायम राहिले.

‘मी तर सडपातळ,’ असे मामू म्हणायचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

रोज्याबद्दल आपल्याकडे हट्ट फार. आजाऱ्याला सवलत खुद्द सूरह बकरामध्ये आहे. रोजे नंतर पूर्ण करावेत, ते शक्यच नसेल तर फिदिया द्यावा. ज्यांना डॉक्टरांनी परवानगी दिली, त्यांनीही गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा रमजानआधीच ठरवून घ्याव्यात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. ती 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली, तर रोजा सोडायचा. मगरिबची वाट पाहायची नाही. आणि मधुमेहीला अचानक धाप, घाम, मळमळ सुरू झाली, तर गॅसची गोळी शोधत बसू नये. आधी ईसीजी.

यंदा मामू रोजे ठेवत नाहीत. सुरुवातीला इफ्तारला बसायलाही लाजत होते. आता काका मुद्दाम त्याच वेळी येतात आणि मामूंच्या ताटातले भजे उचलून स्वतःच्या तोंडात टाकतात. खरे तर ते दोघांनाही मना आहे.